काट्याचा आकडा ब्राउझरपर्यंत: विंडोज सर्व्हिसमधला एचटीटीपी लिसनर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गेटला लागूनच वजनकाटा आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून उतरलेल्या भंगाराच्या गाड्या सकाळी सातपासून तिथे रांगेला लागतात. गाडी प्लॅटफॉर्मवर चढली की काट्याच्या खोलीतल्या इंडिकेटरवर लाल आकडे धावतात, मग थांबतात, आणि पावती निघते. भरल्या गाडीचं एक वजन, रिकाम्या गाडीचं दुसरं; वजाबाकी केली की माल किती उतरला ते कळतं. पुरवठादाराचं बिल याच वजाबाकीवर निघतं.

आपल्या जिल्ह्यात ऊस, गूळ, दूध, भंगार, सगळंच वजनावर चालतं. त्यामुळे 'काटा मारला' हा शब्द किती जिव्हारी लागतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणूनच वजन कुणीही हाताने टाइप करू नये, इंडिकेटरवर जे आलं तेच थेट सॉफ्टवेअरमध्ये उतरावं, अशी सगळ्यांची मागणी असते. मागणी एका ओळीची आहे. ती पुरी करताना मात्र विंडोजच्या पोटात बरंच खोल शिरावं लागतं. हा लेख त्या पोटातल्या गोष्टींबद्दल आहे. संगणकशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही. तुमच्या कारखान्यात, दुकानात किंवा पतसंस्थेत असं काही बसवलेलं असेल, तर ते कसं चालतं आणि कुठे अडतं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

आधी अडचण काय आहे ती पाहू. इंडिकेटरच्या पाठीमागे एक नऊ पिनांचा सॉकेट असतो. तिथून निघालेली केबल कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला, किंवा आजकाल यूएसबीच्या कन्व्हर्टरला जोडतात. या केबलवरून इंडिकेटर सेकंदाला अनेकदा वजनाचे आकडे साध्या अक्षरांत सोडत राहतो, कुणी ऐको वा न ऐको. विंडोजमध्ये या जोडणीला कॉम पोर्ट म्हणतात, आणि त्याचा नियम कडक आहे: एका वेळी एकाच प्रोग्रॅमला तो उघडता येतो. दुसरा आला तर त्याला 'प्रवेश नाही' असं उत्तर मिळतं.

आता पावतीचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, कारण तेच पान मालकांना घरून आणि लेखा विभागाला ऑफिसातून बघायचं असतं. पण ब्राउझर सहसा कॉम पोर्टला हात लावत नाही. क्रोम आणि एजमध्ये २०२१ पासून तशी सोय आली आहे. मात्र पान उघडं असेल तोवरच, आणि वापरणाऱ्याने परवानगी दिली तरच ती चालते. शिवाय वजन दोन ठिकाणी हवं असेल तर तिचा उपयोग नाही. मग मध्ये एक दुभाषा लागतो. एका हाताने तो केबल धरतो, दुसऱ्या हाताने ब्राउझरच्या प्रश्नांना उत्तरं देतो. ब्राउझरला एकच भाषा चांगली येते, ती म्हणजे एचटीटीपी. 'या पत्त्यावर काय आहे?' असा ठरलेल्या पद्धतीने विचारलेला प्रश्न आणि त्याला ठरलेल्या पद्धतीचं उत्तर: आधी एक क्रमांक, मग मजकूर. २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे असं काही इथे नाही, ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. प्रश्नाची वाट बघत एखाद्या पोर्टवर (हा केबलचा कॉम पोर्ट नव्हे, नेटवर्कवरचा क्रमांक दिलेला दरवाजा) कान लावून बसलेल्या प्रोग्रॅमला लिसनर म्हणतात.

हा दुभाषा साधा प्रोग्रॅम म्हणून लिहिला, तर कुणीतरी सकाळी लॉगिन करून त्यावर डबल क्लिक करावं लागतं. कुणी चुकून खिडकी बंद केली की वजन बंद. म्हणून तो सर्व्हिस म्हणून बसवतात.

कुणीही लॉगिन न करता

विंडोज सर्व्हिस म्हणजे मशीन चालू झालं की कुणी लॉगिन करायच्या आधीच उठणारा प्रोग्रॅम. गावातल्या दूध संकलन केंद्रासारखं हे काम आहे. गाव उठायच्या आत ते उघडलेलं असतं, आणि कोण उठलं, कोण झोपलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. या सगळ्या सर्व्हिसेसवर विंडोजचा एक मुकादम असतो, सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर. कुणाला कधी उठवायचं, कोण कोणावर अवलंबून आहे, कोण मेलं, कोणाला पुन्हा उठवायचं, हे सगळं तो बघतो.

मुकादमाची पहिली अट वेळेची आहे. त्याने हाक मारल्यावर सर्व्हिसने ३० सेकंदांत 'आलो' म्हणायचं. नाही म्हटलं तर तो १०५३ क्रमांकाची चूक दाखवतो, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ७००९ क्रमांकाची नोंद पडते: ३०००० मिलिसेकंद वाट पाहिली, उत्तर नाही. नवीन माणूस पहिला लिसनर लिहितो तेव्हा हमखास इथेच अडकतो. सुरुवात करायच्या फंक्शनमध्येच तो 'प्रश्न येईपर्यंत थांब' असं लिहून ठेवतो. प्रश्न काही येत नाही, फंक्शन काही संपत नाही, आणि मुकादम समजतो की हा उठलाच नाही. सुरुवातीच्या फंक्शनने लिसनर उघडायचा, ऐकायचं काम दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, सोपवायचं आणि लगेच परत यायचं. कॉम पोर्ट उघडण्याचं कामही त्याच थ्रेडवर न्यावं, कारण सकाळी इंडिकेटरचं बटण चालू करायला माणूस उशिरा आला तर त्यासाठी सर्व्हिसने मरायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, सर्व्हिसला डोळ्यांसमोरचा पडदाच नसतो. विंडोज व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेस सत्र शून्य नावाच्या वेगळ्या खोलीत राहतात आणि लॉगिन केलेला माणूस दुसऱ्या खोलीत. याआधी एक्सपीमध्ये पहिला लॉगिन करणारा आणि सर्व्हिसेस एकाच खोलीत असत. त्यातून एखाद्या साध्या प्रोग्रॅमला ताकदवान सर्व्हिसच्या खिडकीला खोटे संदेश पाठवून तिचे अधिकार मिळवता यायचे, म्हणून ही भिंत घातली गेली. भिंत योग्यच आहे, पण तिचा परिणाम लक्षात ठेवावा लागतो. सर्व्हिसने चूक झाल्यावर 'पोर्ट सापडला नाही, ओके दाबा' अशी खिडकी काढली, तर ती खिडकी खरोखर उघडते. फक्त अशा खोलीत, जिथे कुणी माणूस नाही. ओके कुणी दाबत नाही, आणि तो थ्रेड तिथेच उभा राहतो, महिनोन् महिने. बाहेरून बघणाऱ्याला सर्व्हिस 'चालू' दिसत असते.

याच खोलीचे आणखी काही नियम आहेत, ते भराभर सांगतो. सर्व्हिस सुरू होते तेव्हा तिचं चालू फोल्डर तुमच्या प्रोग्रॅमचं नसून विंडोजचं सिस्टम३२ असतं. त्यामुळे 'सेटिंगची फाइल इथेच शेजारी आहे' हे गृहीत चुकतं, पूर्ण पत्ता द्यावा लागतो. लॉगिन केलेल्या माणसाने जोडलेला झेड ड्राइव्ह सर्व्हिसला दिसत नाही. त्याचा नेहमीचा प्रिंटरही तिचा नसतो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी कमी अधिकारांच्या सर्व्हिसला नसते, म्हणून लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, प्रोग्रॅमडेटामध्ये स्वतःचं फोल्डर करून आणि त्यावर परवानगी देऊन लिहावा. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणणाऱ्याचं निम्मं कोडं या परिच्छेदात सुटतं, कारण त्याच्या मशीनवर तो प्रोग्रॅम त्याच्या नावाने, त्याच्या अधिकारांनी, त्याच्या खोलीत चालत असतो.

मार्केट यार्डाचं गेट

आता लिसनरकडे येऊ. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅम लिहायच्या साधनसंचात २००५ पासून एचटीटीपीलिसनर नावाचा तयार घटक आहे. तो वापरला की आपला प्रोग्रॅम पोर्टवर बसला आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो बसलेला नसतो. पोर्टवर बसलेला असतो एचटीटीपी डॉट सिस हा विंडोजच्या गाभ्यातला ड्रायव्हर. सर्व्हर २००३ सोबत तो आला आणि एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून साध्या विंडोजवरही आला.

शाहू मार्केट यार्डात शिरणाऱ्या गाडीचा विचार करा. गाडी आधी गेटवर येते, मग अमुक अडत्याच्या गाळ्यावर जाते. समजा गेटवर एक कारकून बसलाय, त्याच्याकडे गाळ्यांची यादी आहे. गाडीच्या कागदावरचं नाव तो यादीत शोधतो. सापडलं तर त्या गाळ्याकडे पाठवतो, नाही सापडलं तर गेटवरूनच परत. एचटीटीपी डॉट सिस हा तो कारकून आहे, आणि आपला लिसनर हा एक गाळा. म्हणूनच एकाच पोर्टवर वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या पत्त्यांसाठी सुखाने नांदू शकतात. पोर्ट कुणी धरलाय हे शोधायला गेलं तर आपल्या प्रोग्रॅमचं नाव न येता 'सिस्टम', प्रक्रिया क्रमांक ४, असं दिसतं तेही याचमुळे. व्हायरस असेल म्हणून लोक घाबरतात. तो व्हायरस नाही, गेटवरचा कारकून आहे.

हा कारकून समजला की पुढच्या तीन अडचणी आपोआप उलगडतात.

पहिली: गाळ्याचं नाव यादीत कोण लिहू शकतो? ॲडमिनिस्ट्रेटर लिहू शकतो. कमी अधिकारांच्या खात्यावर चालणाऱ्या सर्व्हिसने 'या मशीनच्या कुठल्याही नावाने, पोर्ट ८०८५ वर येणारे प्रश्न माझे' असं म्हटलं, तर तिला ५ क्रमांकाची चूक मिळते, म्हणजे परवानगी नाही. यावर बरेच जण सोपा मार्ग काढतात आणि सर्व्हिस लोकलसिस्टम खात्यावर टाकून देतात. ते चालतं, पण मशीनवरचा जवळजवळ सर्वोच्च अधिकार अशा प्रोग्रॅमला मिळतो, जो नेटवर्कवरून येणारे अनोळखी प्रश्न वाचतोय. उद्या त्यात एखादी चूक निघाली तर पूर्ण मशीन उघडं पडलं. बरोबर मार्ग हा की सॉफ्टवेअर बसवताना एकदाच, ॲडमिन म्हणून, नेटश या आज्ञेने तो पत्ता त्या खात्याच्या नावावर राखून ठेवायचा. गाळ्याचा करार आधीच करून ठेवण्यासारखंच हे. मग सर्व्हिस लोकलसर्व्हिससारख्या कमी अधिकारांच्या खात्यावर निवांत चालते. पत्ता लिहिताना शेवटी तिरकी रेघ विसरू नका; ती नसेल तर लिसनर पत्ता घेतच नाही.

दुसरी अडचण बघताना गोंधळवून टाकणारी आहे. यादीत 'लोकलहोस्ट' (म्हणजे 'हेच मशीन') हे नाव लिहिलं, त्याच मशीनवर तपासलं, चाललं. मग शेजारच्या खोलीतून मशीनचा आयपी पत्ता टाकून विचारलं, तर ४०० क्रमांकाचं उत्तर: 'बॅड रिक्वेस्ट, इनव्हॅलिड होस्टनेम'. लोक तासन् तास आपल्या कोडमध्ये चूक शोधतात. कोडपर्यंत प्रश्न पोचलेलाच नसतो. प्रत्येक एचटीटीपी प्रश्नासोबत 'मी कोणाला विचारतोय' ते नाव जातं. कारकुनाच्या यादीत लोकलहोस्ट आहे, कागदावर आयपी पत्ता आहे, नाव जुळलं नाही, गाडी गेटवरूनच परत. नावाच्या जागी अधिकचं चिन्ह घातलं की त्याचा अर्थ होतो 'नाव कुठलंही असो, पाठवा'.

तिसरी फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कवरून काय आत येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची. आपल्या एक्झी फाइलला, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ फाइलला, परवानगी देणारा नियम केला तरी बाहेरून काही येत नाही. का? कारण पोर्ट आपल्या एक्झीने धरलेलाच नाही, सिस्टमने धरलाय. इथे नियम पोर्ट क्रमांकावर करावा लागतो. आणि तो खासगी नेटवर्कपुरता केला असेल, तर एके दिवशी नवा राउटर बसतो, विंडोज त्याला सार्वजनिक नेटवर्क समजतं, आणि काल चालणारं आज बंद पडतं. राउटर बदलला असेल तर आधी हेच बघा.

पोर्ट क्रमांक निवडतानाही थोडा विचार हवा. ४९१५२ पासून वरचे क्रमांक विंडोज स्वतःच्या तात्पुरत्या जोडण्यांसाठी वाटत असतं, त्यात आपलं दुकान थाटू नये. त्याखालचा, नेहमीच्या सॉफ्टवेअरचा नसलेला एखादा क्रमांक घ्यावा आणि तो सेटिंगमध्ये बदलता यावा.

आज नव्याने लिहायचं असेल तर मी एचटीटीपीलिसनर घेणार नाही. आताच्या डॉटनेटमध्ये केस्ट्रेल नावाचा सर्व्हर आहे आणि २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून विंडोज सर्व्हिस म्हणून चालायची सोय एका ओळीत मिळते. केस्ट्रेल पोर्टवर स्वतः बसतो, मध्ये कारकून नाही. त्यामुळे पत्ता राखून ठेवायची भानगड नाही आणि फायरवॉलचा नियम एक्झीवर करता येतो. त्या बदल्यात तो पोर्ट दुसऱ्या कुणासोबत वाटून घेता येत नाही. पण बसवलेलं जुनं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चालत राहतं, आणि दुरुस्तीला जाणाऱ्याला कारकून माहीत असावाच लागतो.

कालचा आकडा

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. वर सांगितलेल्या फौंड्रीत मी पहिल्यांदा हा दुभाषा बसवला तेव्हा त्याची रचना अगदी सरळ होती. एक थ्रेड केबलवरून वजन वाचून एका जागी लिहून ठेवतो, दुसरा थ्रेड ब्राउझरने विचारलं की त्या जागी असेल ते सांगतो. दोन्ही कामं वेगळी ठेवली होती ते बरोबरच होतं, कारण प्रत्येक प्रश्नाला केबल वाचत बसलं तर दोन ब्राउझर एकमेकांना अडवतात. तीन आठवडे सुरळीत गेले.

मग एका सकाळी सव्वासातला काट्यावरच्या मामांचा फोन आला. "साहेब, इंडिकेटरवर चोवीस हजार दिसतंय, आन् कॉम्प्युटरवर कालचाच आकडा बसलाय. कवा हलायचा ह्यो?"

इंडिकेटरवर २४,३१० किलो होतं. पडद्यावर १८,४६० होतं, आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या गाडीचं. मामांनी दोन्हींकडे बघितलं म्हणून वाचलं. नाहीतर जवळपास सहा टन भंगार कागदावरून गायब झालं असतं, आणि त्या पुरवठादाराने जो शब्द वापरला असता तो वर लिहिलाच आहे.

मी फोनवरून सांगितलं, मशीन बंद करून चालू करा. त्यांनी केलं. आकडा तोच. रात्रभर बंद असलेल्या मशीनला कालचा आकडा आठवतोच कसा, आणि बंद करून चालू केल्यावरही तो जात कसा नाही, हे कळेपर्यंत माझा तो दिवस गेला.

उत्तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमध्ये होतं. विंडोज ८ पासून ही सोय आहे. आपण 'शट डाउन' म्हणतो तेव्हा विंडोज लॉगिन केलेल्या माणसाची खोली खरोखर रिकामी करतं, पण सत्र शून्यची खोली, म्हणजे जिथे सर्व्हिसेस राहतात ती, आहे तशी डिस्कवर उतरवून ठेवतं. सकाळी बटण दाबलं की तीच खोली जशीच्या तशी परत मांडली जाते. म्हणून मशीन लवकर चालू होतं. आपल्याला वाटतं सगळं नव्याने सुरू झालं. सर्व्हिसच्या दृष्टीने रात्र झालेलीच नसते. तिचं सुरुवातीचं फंक्शन पुन्हा चाललं नाही. तिच्या स्मृतीत १८,४६० तसंच होतं. आणि तिने धरून ठेवलेली यूएसबी कन्व्हर्टरची जोडणी मात्र मेली होती, कारण ते यंत्र सकाळी नव्याने ओळखलं गेलं होतं. वाचणारा थ्रेड मेलेल्या तारेला कान लावून बसला होता, उत्तर देणारा थ्रेड तत्परतेने कालचा आकडा देत होता, प्रत्येक वेळी २०० क्रमांकासह, म्हणजे 'सगळं ठीक'. मुकादमाच्या यादीतही सर्व्हिस 'चालू'.

'बंद करून चालू' आणि 'रीस्टार्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. रीस्टार्ट म्हटलं की विंडोज सगळ्या खोल्या खरोखर रिकाम्या करून नव्याने मांडतं. काट्याच्या मशीनवर फास्ट स्टार्टअप मी बंदच करून टाकतो.

पण तेवढ्याने काम झालं असं मानणं चूक ठरलं असतं. केबल निघू शकते, इंडिकेटरची वीज जाऊ शकते, कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचला की कॉम तीनचा कॉम पाच होऊ शकतो. माझी खरी चूक अशी होती की ऐकणारा जिवंत आहे म्हणजे वजन जिवंत आहे असं मी धरलं होतं. त्यानंतर रचना बदलली. आता प्रत्येक आकड्यासोबत तो कधी वाचला ती वेळ लिहिली जाते. प्रश्न आला की लिसनर आधी वेळ बघतो. आकडा तीन सेकंदांपेक्षा जुना असेल तर तो आकडा देतच नाही. ५०३ देतो, सोबत 'काट्याकडून वजन येत नाही' हे शब्द. पडद्यावर आकड्याच्या जागी लाल पट्टी येते आणि पावतीचं बटण दाबता येत नाही. वाचणारा थ्रेड पाच सेकंद काहीच मिळालं नाही तर पोर्ट बंद करून पुन्हा उघडायचा प्रयत्न करतो, आणि करतच राहतो. गाडी प्लॅटफॉर्मवर हलत असताना येणारे आकडेही सोडून द्यायचे. लागोपाठ काही वाचनं सारखी आली तरच वजन स्थिर मानायचं.

वैधमापन खात्याची तपासणी आणि शिक्का असतो तो काट्याला. मधल्या दुभाष्याला कुणी शिक्का मारत नाही. त्यामुळे 'मला माहीत नाही' हे उत्तर देण्याची सोय त्यात आपणच ठेवावी लागते, आणि माझ्या मते ती वजन देण्याच्या सोयीइतकीच महत्त्वाची आहे.

मरणाचीही तयारी लागते. सर्व्हिसच्या गुणधर्मांत रिकव्हरी नावाचं पान असतं; पहिल्या, दुसऱ्या आणि पुढच्या पडझडीनंतर काय करायचं ते तिथे सांगता येतं. तिन्हींना 'सर्व्हिस पुन्हा सुरू करा' असं ठेवावं. इथे नव्या डॉटनेटचा एक सापळा आहे. सहाव्या आवृत्तीपासून पार्श्वभूमीतल्या कामात न पकडलेली चूक झाली तर पूर्ण प्रोग्रॅम थांबतो, हे चांगलंच. पण तो थांबतो शहाण्यासारखा, 'काम संपलं' असं सांगून. मुकादमाला वाटतं हा रीतसर घरी गेला, आणि तो त्याला पुन्हा उठवत नाही. म्हणून अशा वेळी शून्य सोडून दुसरा क्रमांक देऊन बाहेर पडावं लागतं, तेव्हा कुठे रिकव्हरीचं पान कामाला येतं. थांबवतानाचंही तसंच: लिसनर बंद केला की वाट बघणाऱ्या थ्रेडला ९९५ क्रमांकाची चूक येते. ती नेहमीची आहे, लॉगमध्ये रडगाणं न लिहिता शांतपणे बाहेर पडायचं. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाठवून झालं की ते बंद करायला विसरायचं नाही. विसरलं तर ब्राउझर गोल फिरणारं चक्र दाखवत बसतो.

कोण विचारतंय?

लिसनर फक्त त्याच मशीनपुरता असला तरी तो सुरक्षित आहे असं नाही. त्या मशीनवरच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं कुठलंही पान त्याला प्रश्न विचारू शकतं, पावतीचं असो वा क्रिकेटच्या स्कोअरचं. २०१९ च्या जुलैमध्ये जोनाथन लायटशू या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की झूमचं मॅकवरचं ॲप असाच एक छोटा सर्व्हर मशीनवर बसवत होतं. एखादं संकेतस्थळ त्याच्यामार्फत माणसाला न विचारता मीटिंगमध्ये ओढू शकत होतं, आणि ॲप काढून टाकलं तरी तो सर्व्हर मागे राहत होता. शेवटी ॲपलने अपडेट पाठवून तो काढला.

ब्राउझर इथे काही राखण करतो. प्रश्न कोणत्या संकेतस्थळाच्या पानावरून आला ते तो सोबत सांगतो, आणि लिसनरने त्या संकेतस्थळाला स्पष्ट परवानगी दिली नसेल तर आलेलं उत्तर पानाला वाचू देत नाही. सोपं पडतं म्हणून इथे 'सगळ्यांना परवानगी' असं तारकेचं चिन्ह (*) टाकणारे खूप आहेत. तसं करू नका. आपल्या पावतीच्या संकेतस्थळाचं नावच लिहा. आणि एक लक्षात ठेवा: उत्तर वाचू दिलं नाही तरी साधा प्रश्न लिसनरपर्यंत पोचलेला असतो. म्हणून नुसत्या विचारण्याने काही बदलेल, छापलं जाईल, शून्य होईल असा पत्ता ठेवूच नये. आमचा लिसनर वजन सांगतो. त्याला दुसरं काही येत नाही, आणि मी येऊ देणार नाही.

लेखा विभागाला मागच्या इमारतीतून चालू वजन बघायचं होतं. सुरक्षित एचटीटीपीएस पानावरून त्याच मशीनच्या लिसनरला साध्या एचटीटीपीने विचारलेलं ब्राउझर चालवून घेतो, जरी आताचं क्रोम त्याआधी परवानगी मागतं. दुसऱ्या मशीनच्या आयपी पत्त्याला मात्र ते सहसा अडवलं जातं. म्हणून त्यांना लिसनरनेच दिलेलं एक साधं पान दिलं, ज्यात आकडा आणि वेळ एवढंच असतं. फायरवॉलमध्ये त्यांच्या तीन मशीन्सचे आयपी पत्ते लिहिले, बाकी सगळ्यांना दार बंद.

नवीन ठिकाणी बसवून झाल्यावर मी चहाला थांबायच्या आधी एक तपासणी करतो, आणि ती काट्यावरच्या माणसाच्या देखत करतो. आधी रीस्टार्ट करून, लॉगिन न करता दुसऱ्या मशीनवरून वजन मागून बघतो. मग बंद करून चालू करतो. मग टास्क मॅनेजरमधून सर्व्हिस मारतो आणि ती किती सेकंदांत उठते ते मोजतो. शेवटी प्लॅटफॉर्मवर गाडी उभी असताना इंडिकेटरच्या मागची केबल ओढून काढतो. शिरोलीत हे पुन्हा केलं तेव्हा मामा पडद्याकडे बघत मोठ्याने मोजत होते. एक, दोन, तीन. आकडा गेला, लाल पट्टी आली, बटण फिकट झालं. केबल परत खोचली, आणि थोड्या वेळात इंडिकेटरवरचा आकडा पडद्यावर आला. दोन्ही आकडे त्यांनी बोट लावून ताडून पाहिले आणि गाडीवाल्याला पुढे यायची खूण केली.